इलियासचा फॉर्म

रियाधमध्ये मी लहानाची मोठी झाले, पण तिथलं क्रिकेट मी बरीच वर्षं फक्त ऐकलं. अल मलाझमधल्या आमच्या घराला दोन दारं होती. एक घरच्यांचं आणि एक थेट बैठकीत उघडणारं, पुरुष पाहुण्यांसाठी. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीत ताटं सरकवायला केलेली लाकडी झडपेची खिडकी. झडप नीट लागत नसे. अम्मीने ती दुरुस्त करायला अब्बांना कधीच सांगितलं नाही, आणि मला वाटतं ते तिने जाणूनबुजून केलं. शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की आमच्या कोकणातल्या गावाची टीम शहराबाहेरच्या मैदानावर जायची, दुपारच्या जुम्याच्या नमाजच्या आत सामना उरकायचा, आणि नमाजनंतर टीमची बडी मंडळी आमच्याकडे जेवायला यायची. जेवण कमी आणि वाद जास्त. उन्हं कलून अस्रची बांग होईपर्यंत कोण कसा आउट झाला, कुणाला वर पाठवायला हवं होतं आणि कुणाला घरी बसवायला हवं होतं, हे सगळं त्या झडपेतून आमच्या कानांवर आदळत राहायचं. मी तेव्हा नववीत असेन. मैदान कसं दिसतं ते मला ठाऊक नव्हतं, पण ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला उगाच बॅट लावणं हा मोठा गुन्हा आहे, हे मला पाठ होतं.

स्वयंपाकघरात त्या वेळी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात असायच्या. अम्मीचा हात परातीवर पडायचा तो आवाज आणि बैठकीतले हमीद मामूंचे चढते सूर एकमेकांत मिसळून जायचे. सुरमईचं सालन, त्यात भरपूर नारळ, बाजूला लिंबू पिळलेलं कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोलंबी. कोलीम गावाहून कुणीतरी सुट्टीवरून येताना आणायचा आणि त्याचा वास सामानाला लागला म्हणून वर्षभर शिव्या खायचा. हमीद मामू कुणाचेच मामू नव्हते. बत्ह्याच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि गावाच्या टीमने कुठल्या वर्षी कुणाला हरवलं ते त्यांच्या तोंडावर असायचं. दुसरे नेमाने येणारे म्हणजे डॉक्टर काका. ते सोलापूरकडचे, सरकारी हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर, बायकामुलं तिकडे भारतात. आमच्या गावाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. एकदा अब्बांनी त्यांना सामना बघायला नेलं आणि नंतर मासे खायला घरी आणलं, तेव्हापासून ते आमच्या गावचेच झाले. मामू म्हणायचे की पोरं माजलीत. डॉक्टर काका म्हणायचे की पोरांवर दडपण आहे. या दोन वाक्यांवर दोघांनी कितीतरी शुक्रवार काढले असतील.

अब्बा टीमचे मॅनेजर होते. हा काही लुटुपुटीचा मान नव्हता. कफीलाच्या, म्हणजे सौदी मालकाच्या, कंपनीत राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, व्हिसा, सुट्टीचे शिक्के ही सगळी कामं तेच बघायचे, आणि कामगारांचे पासपोर्ट त्यांच्याच कपाटात असायचे. त्या काळात पासपोर्ट कामगाराच्या हाती नसायचाच. कफील अब्बांवर डोळे झाकून विश्वास टाकायचा. एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपसाठी माणसं हवीत म्हटलं की अब्बा गावी जाऊन पोरं निवडून आणायचे, आणि ती कशी निवडायचे ते गावाकडे सगळ्या खाडीला माहीत होतं. पोराला पाना धरता येतो का हे नंतर बघायचं, आधी टेनिस बॉलवर तो सिक्सर किती लांब मारतो ते बघायचं. खाडीपलीकडच्या गावाचे लोकही रियाधला होते, त्यांचीही टीम होती, आणि तेही हेच करत. दोन्ही गावं तिकडे कोकणात एकाच होडीने बाजाराला जात, पण इथे वाळूतल्या सिमेंटच्या पट्टीवर एकमेकांच्या उरावर बसायची. जमातीच्या कपात त्यांच्याकडून हरलो तर ती बातमी विमानाच्या आधी गावात पोचायची.

इलियास असाच आणलेला पोरगा. एकोणीस-वीस वर्षांचा, काटकुळा, मोठ्या कानांचा. बाप समुद्रात गेलेला, म्हणजे खरंच गेलेला, होडीसकट. घरात तो आणि त्याची माय, बस. ती कालवं फोडून विकायची आणि तिने या पोराला बॅट मात्र कधी कमी पडू दिली नाही. अब्बांनी त्याला गावच्या सामन्यात पाहिलं आणि त्याच दिवशी तिच्या ओटीवर जाऊन बसले. म्हणाले, "पोरगा मना द्या, मी सांभाळीन." हे वाक्य अम्मीला अब्बांनीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि पुढे तिने ते त्यांना किती वेळा परत ऐकवलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

पहिल्या मोसमात इलियासने मैदान डोक्यावर घेतलं. बैठकीत दर शुक्रवारी त्याचंच नाव. मामू तर असं बोलायचे की जणू त्याला त्यांनीच पाळण्यात फलंदाजी शिकवली. मी त्याला ओळखत होते ते मात्र वेगळ्या कारणाने. गुरुवारी अर्धी सुट्टी असायची, तेव्हा तो बत्ह्याहून आमच्यासाठी मासे घेऊन यायचा आणि घरच्या दाराने येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचा. कोलंबी सोलायला अम्मीला मदत करायचा. हात इतका चालायचा की अम्मीची टोपली भरायच्या आत त्याची भरलेली. मी शाळेच्या सवयीने अम्मीला इंग्रजीत उत्तर दिलं की तो तिच्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "चाची, हिला लग्नात निकाह कबूल हाय का विचारलं तर ही ‘येस सर’ बोलेल." मला त्याचा राग यायचा आणि गुरुवारची वाटही मीच बघायचे. मोठा भाऊ असता तर असा चालला असता मला.

दुसऱ्या थंडीत एका गुरुवारी तो आला तो गप्प. कोलंबी अर्धी सोलून तशीच ठेवली. अम्मीने विचारलं तेव्हा म्हणाला, गावाहून आलेल्या माणसाने निरोप आणलाय. मायच्या पोटात गाठ आहे, रत्नागिरीच्या डॉक्टरने उघडून बघितलं आणि तशीच शिवून टाकली. "शिवून टाकली म्हणजे काय ओ चाची?" त्याने विचारलं. अम्मीला कळलं होतं. तिने त्याला एवढंच सांगितलं की उद्याच चाचांकडे सुट्टी माग, जास्त दिवस काढू नकोस. त्याने मागितली. बैठकीत, सगळ्यांच्या देखत, जेवणं झाल्यावर. अब्बा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नक्की जायचं. कप होऊ दे, महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न. मी स्वतः तिकीट काढतो." अब्बा हे प्रेमाने म्हणाले, यात मला आजही शंका नाही. माणूस प्रेमाने किती वाईट वागू शकतो ते मी त्याच घरात शिकले.

त्यानंतर इलियास आउट व्हायला लागला. पहिल्याच चेंडूवर, दुसऱ्या चेंडूवर, कधी सरळ हातात झेल देऊन. त्याच्याबरोबर आणलेला तौसीफही तेव्हा चाचपडत होता, त्यामुळे बैठकीत दोघांची एकदमच चिरफाड सुरू झाली. तौसीफला मामूंच्या सांगण्यावरून दोन सामने बाहेर बसवलं आणि तो सुधारला. इलियासवर मात्र एकमत होईना. मामू म्हणायचे बॅट फार वरून येते. डॉक्टर काका म्हणायचे ओपनिंगला पाठवणंच चूक, त्याला चौथ्या नंबरवर खेळवा, नवा चेंडू दुसऱ्यांना खेळू दे. अब्बा म्हणायचे, "बाहेर बसवला तर पोरगा मनाने संपेल. मी त्याला खेळवणार." डॉक्टर काकांनी टाळी वाजवून याला दाद दिली. मॅनेजर असावा तर असा, म्हणाले. झडपेच्या अलीकडे अम्मीने पोळपाटावर लाटणं आपटलं.

तो का आउट होतो ते आम्हाला माहीत होतं. इलियासने ते अम्मीला सांगितलं होतं, आणि सांगताना चेहऱ्यावर थोडी लाज, थोडी शाबासकीची अपेक्षा. "चाची, टीम लवकर बाहेर पडली तर कप आमच्यासाठी लवकर खलास. मग चाचा मना सोडतील." अम्मीने आधी तोंडावर पदर घेतला, मग त्याला म्हणाली की हे दुसऱ्या कुणाला बोलू नकोस, मारतील तुला. पण तिने स्वतः ते पोटात ठेवलं नाही. त्याच शुक्रवारी मंडळी गेल्यावर ती अब्बांसमोर उभी राहिली.

"तो मुद्दाम आउट होतोय. मायला बघायचंय त्याला. जाऊ द्या त्याला."

अब्बा हसले. खरंच हसले, एखाद्या लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसे. "अगो, बॅट हातात असताना कोण मुद्दाम आउट होतो? जमायचंच नाय ते. असा चेंडू आला की हात आपोआप जातो. त्याचा फॉर्म गेलाय, म्हणून तो तुला काहीतरी कारण सांगतोय. आपली लाज झाकतोय बिचारा."

अम्मीने परत सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. अब्बांना ते पटणंच शक्य नव्हतं. पोरगा खोटं बोलेल, पळून जाईल, कफीलाकडे तक्रार करेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात बसलं असतं. पण चांगला चेंडू मारायला मिळत असताना कुणी स्वतःहून विकेट फेकेल, हे त्यांच्या जगात नव्हतं. मी या गोष्टीचा नंतर फार विचार केला. खेळ बिल्कुल न कळणाऱ्या माणसाने त्या पोराला सोडून दिलं असतं. त्याला अडकवलं ते खेळ कळणाऱ्यांनी.

मधेच हे सांगायला हवं की मी अजूनही याच शहरात राहते आणि आता हिवाळ्यात मैदानावर जाते. कुणी अडवत नाही. दिव्यांच्या उजेडात सामने होतात, बायका खुर्च्या टाकून बसतात, मुलींचीही एक टीम आहे. मी थर्मास घेऊन एका कडेला बसते. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी नेहमी म्हणतं की त्या नव्या पोराला चौथ्या नंबरवर पाठवायला हवं होतं. मी तेव्हा मागे वळून बघत नाही. एकदा मात्र राहवलं नाही आणि मी विचारलं की पोराच्या घरी सगळं बरं आहे ना. त्या गृहस्थांना वाटलं मी कुणीतरी नात्यातली आहे.

तर आमची टीम हरली. शेवटच्या चारातही आली नाही, आणि हरली तीही खाडीपलीकडच्यांकडून. त्या शुक्रवारी बैठकीत मयताच्या घरी बसतात तशी शांतता होती. इलियास मात्र गुरुवारचा वार नसताना घरच्या दाराने आला. त्याने बत्ह्याला एक ब्लँकेट घेतलं होतं, मोठ्या फुलांचं, गडद लाल. प्लास्टिकच्या पिशवीतून ते त्याने अम्मीला नुसतं कोपऱ्याला हात लावून बघायला लावलं. "मायला थंडी फार वाजते," म्हणाला. मक्केच्या झमझमच्या पाण्याची बाटलीही होती. अम्मीने त्याला जेवायला वाढलं आणि तो पिशवी मांडीवर ठेवूनच जेवला.

पलीकडे शांतता मोडली ती डॉक्टर काकांनी. "एक सांगू? या अवस्थेत त्याला घरी पाठवू नका. गावात लोक काय म्हणतील? रियाधला जाऊन भोपळे घेऊन आला. पोरगा कायमचा खचेल."

"बरोबर," मामू म्हणाले. "हुफूफचा कप हाय पुढच्या पंधरवड्यात. लहान टीमा येतात. तिथं चार फटके बसले की गाडी रुळावर."

अब्बांनी समोरचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "ठीक. हुफूफला खेळवतो. तिथूनच विमानात बसवतो. आधी फॉर्म, मग घर."

अम्मी त्या आधी कधीही बैठकीतल्या पुरुषांशी बोलली नव्हती. त्या दिवशी तिने झडप हाताने वर ढकलली आणि भिंतीआडूनच बोलली. "त्याची माय मरतेय. तुमच्यापैकी कुणाला ऐकू येतंय काय?"

कुणीतरी चमचा ताटात ठेवला. मग मामू अगदी अदबीने म्हणाले, "भाभी, आमी त्याच्याच भल्याचं बोलतो." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, पुन्हा बॅट किती वरून येते त्यावर आले.

हे सगळं इलियासने उंबऱ्याजवळ बसून ऐकलं होतं. तो रडला नाही, ओरडला नाही. हात धुतले आणि बैठकीच्या बाजूला जाऊन अब्बांसमोर उभा राहिला. "हुफूफला खेळलो की नक्की ना चाचा?" अब्बांनी कपाट उघडून त्याचा पासपोर्ट काढला आणि दोनच दिवसांत त्यावर सुट्टीचा शिक्का मारून आणून त्याला दाखवला. तिकीटही दाखवलं, सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचं. शब्दाचे पक्के होते अब्बा. म्हणून तर गावातली माणसं त्यांच्या हवाली मुलं करायची.

रियाधपासून तीन-चार तासांवरच्या हुफूफला आम्हीही गेलो. अब्बांचे एक चुलतभाऊ तिथे राहायचे, खजुराच्या व्यापाऱ्याकडे कामाला. सामना शुक्रवारी सकाळी, म्हणून आदल्या दिवशीच आमचा त्यांच्याकडे मुक्काम, टीमची पोरं दुसरीकडे उतरलेली. त्यांच्या घरी फोन होता आणि तो नंबर गावात ठाऊक होता. फजर झाल्यावर तो फोन वाजला. आम्ही आतल्या खोलीत भाकरी आणि उकडलेली अंडी बांधत होतो. अब्बांनी फोन घेतला, "हां, हां," एवढंच म्हणाले, आणि ठेवला. अम्मीने दारातून त्यांचा चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "चला, उशीर होतोय."

मैदानाच्या एका बाजूला खजुरांची रांग होती आणि तिच्या सावलीत आमची पडदे लावलेली व्हॅन उभी केली होती. अम्मी आणि मी आत. मी पडदा बाजूला करून पहिल्यांदा मैदान बघत होते आणि मला ते फार लहान वाटलं. दुसरी टीम आधी खेळली. मग आमची पाळी आली, तेव्हा अब्बा व्हॅनपाशी आले, दार सरकवलं, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि चहाकडे बघत म्हणाले, "इलियासची माय गेली. रात्री. आतापर्यंत माती दिली असेल."

अम्मीने विचारलं, "त्याला सांगितलात?"

"सामना झाल्यावर सांगतो."

अम्मी उठली. तिचा बुरखा सीटच्या पट्ट्यात अडकला, तो तिने ओढून सोडवला आणि पाय खाली टाकायला गेली. अब्बांनी दार सरकवून लावलं. जोराने नाही, अगदी हळू. आणि दाराला पाठ टेकवून उभे राहिले. अम्मीने काचेवर हात मारले. बाहेर कुणाला ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, कारण तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. इलियास खेळायला येत होता.

त्याची फलंदाजी मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीही अब्बांच्या खांद्यावरून. तो हसत होता. पहिलाच चेंडू त्याने उचलला तो आमच्या व्हॅनवरून खजुरांत गेला. पोरं तो शोधत राहिली, मग दुसरा चेंडू आणावा लागला. नंतर मी मोजलं नाही. मला एवढंच आठवतं की त्याला धावायची गरजच पडत नव्हती. मधे मधे तो बॅट काखेत धरून आमच्या बाजूला बघायचा, आणि मी पडद्याआडून हात हलवायला उचलला होता तो तसाच राहिला. शेजारी अम्मी रडत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पोरगा उद्या घरी जायच्या आनंदात चेंडू आभाळात पाठवत होता. अब्बा दाराला टेकून दगडासारखे उभे. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही.

टीम जिंकली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मामू वरातीतल्या नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते आणि डॉक्टर काकांना ओरडून सांगत होते, "बोललो नव्हतो? आला की नाय फॉर्म?" इलियास पोरांच्या खांद्यांवरून उतरून थेट आमच्याकडे धावत आला. अब्बा बाजूला झाले होते. अम्मीने दार सरकवलं होतं, पण ती त्याच्याकडे बघेना. "चाची, बघलात काय?" त्याने धापा टाकत विचारलं. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे, मग अब्बांकडे.

अब्बांनी त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, उगाच लांबण लावली नाही. घाम पुसायचंही इलियासला सुचलं नाही.

"कधी कळलं तुमाला?"

अब्बा खोटं बोलू शकले असते. आत्ताच निरोप आला म्हणाले असते तर कुणी विचारायला जाणार नव्हतं. पण ते म्हणाले, "सकाळी. फजरला."

"मग मना बॅट कशाला दिलात?"

इलियासने हातातली बॅट त्यांच्या हातात दिली, वडीलधाऱ्या माणसाला वस्तू द्यावी तशी दोन्ही हातांनी, आणि खजुरांच्या पलीकडे चालत गेला. दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः त्याला विमानतळावर सोडून आले. ब्लँकेट तो घेऊन गेला. परत यायचा शिक्का पासपोर्टवर होता, पण तो परत आला नाही. कफील एकदा ओरडला, मग विसरला.

आम्ही रियाधला पोचल्यावर अब्बा म्हणाले, "सांगून काय झालं असतं? माती तर होणारच होती. विमान तर दुसऱ्या दिवसाचंच होतं."

"माय मातीत जात असताना तो हसत नव्हता, एवढं तरी त्याच्याकडे राहिलं असतं," अम्मी म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी मामू आले ते त्याच इनिंगचं वर्णन करत. डॉक्टर काकांना तोवर कळलं होतं. ते खाली मान घालून बसले आणि सुरमईला त्यांनी हातही लावला नाही. मामू बोलतच होते, बॅट आता कशी सरळ येते ते ताटावर चमच्याने दाखवत होते, तेव्हा अब्बा म्हणाले, "मामू, जेवा." एवढंच. त्यानंतर बैठका कमी होत गेल्या आणि अब्बांनी मॅनेजरपण तौसीफच्या भावाला देऊन टाकलं. अम्मीने त्याच आठवड्यात सुतार बोलावून झडप दुरुस्त करून घेतली. ती इतकी घट्ट बसली की नंतर ताटंही दारानेच न्यावी लागायची.

निवृत्त होऊन अब्बा-अम्मी गावी गेले. इलियासने तोवर जेटीजवळ फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, लग्न केलं होतं, मुलगी होती. तो पुन्हा कधी खेळला नाही. गावात टीव्हीवर सामना लागला की तो दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. अब्बा दर जुम्याला मशिदीच्या पायऱ्यांवर त्याला सलाम करायचे. तो सलामाचं उत्तर द्यायचा, ते द्यावंच लागतं, आणि निघून जायचा. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात मी रजा घेऊन गेले होते, तेव्हा एका दुपारी अब्बा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पहिल्याच फटक्याला कळलं मना. त्याचा फॉर्म कधी गेलाच नव्हता. तुझी अम्मी खरं बोलली होती. मी तिथं उभा राहून सगळा खेळ बघितला, कळून." मी त्यांचे पाय चेपत होते. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी पाय चेपत राहिले.

ते पहाटे गेले. मी फोन हातात घेऊन रियाधला नवऱ्याचा नंबर लावत होते, तेव्हा अम्मी त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आधी इलियासला सांग." मी त्याला फोन लावला. तो पलीकडच्या आळीतच राहतो. मी फोन ठेवून दार उघडेपर्यंत तो अंगणात आला होता, सदऱ्याची बटणं उघडी, दाढी पांढरी, कान अजून तसेच मोठे.

"कधी गेले चाचा?"

"आत्ताच. अजून कुणालाच सांगितलं नाय. तुलाच पहिलं."

तो फाटकाला धरून उभा राहिला. मग त्याने चपला काढल्या, आत गेला, आणि अब्बांचा उघडा राहिलेला डावा हात उचलून चादरीखाली ठेवला.